ब्रिटनच्या किनाऱ्यांवरील ध्वनी-आरसे पाहायला जाणाऱ्या मराठी भटक्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये राहणारे आणि शनिवार-रविवारी पाठपिशवी घेऊन बाहेर पडणारे आपले बरेच गट अलीकडे केंट आणि यॉर्कशरच्या किनाऱ्यांवरील काँक्रीटचे ध्वनी-आरसे, म्हणजे रडार येण्याआधी शत्रूची विमाने दुरून ऐकण्यासाठी बांधलेल्या अंतर्गोल भिंती, पाहायला जाऊ लागले आहेत, ही गोष्ट मला मनापासून आवडली. नेहमीचे राजवाडे आणि तळी सोडून कुणी शेताच्या बांधावर ऊनपाऊस झेलत उभ्या असलेल्या, आणि बऱ्याच ठिकाणी तिकीटखिडकीशिवाय पाहता येणाऱ्या गोष्टींकडे वळत असेल, तर त्यात तक्रार करण्यासारखे काय असणार? तरीही हे पत्र लिहावेसे वाटले, कारण या सहलींची जी छायाचित्रे आणि जे बेत माझ्यापर्यंत पोहोचतात त्यांत दोन गोष्टी वारंवार दिसतात. एक म्हणजे या आरशांच्या छायाचित्राखाली ‘दुसऱ्या महायुद्धातील रडार’ अशी ओळ बिनदिक्कत लिहिलेली असते. दुसरी म्हणजे केंटमधील डेंज येथे तळ्यातल्या बेटावर उभ्या असलेल्या आरशांकडे पाण्यातून कुठून उतरता येईल, आरशाच्या कडेवर चढून बसता येईल का, अशी विचारणा सुरू होते. दोन्हींचे मूळ एकच आहे असे मला वाटते. आपण या वास्तूंना भिंती समजतो. प्रत्यक्षात ती उपकरणे आहेत. कोण, कुठे उभा राहून, कोणत्या दिशेचे काय ऐकत होता, हे समजून घेऊन त्यांच्यापाशी गेलो तर ओळही चुकणार नाही आणि कडेवर चढावेसेही वाटणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. ते जरा विस्ताराने मांडतो.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच, १९ जानेवारी १९१५ च्या रात्री, झेपेलिन या जर्मन हवाई जहाजांनी नॉरफोक परगण्यातील ग्रेट यारमथ आणि किंग्ज लिन या गावांवर बॉम्ब टाकले आणि समुद्राने वेढलेला देश सुरक्षित असतो ही जुनी समजूत मोडीत निघाली. रात्रीच्या अंधारात हवाई जहाज दिसत नाही, मात्र त्याची इंजिने ऐकू येतात. तेव्हा ती लवकर कशी ऐकू येतील, हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी केंटमध्ये बिन्बरी मॅनर येथे प्राध्यापक मॅथर यांनी खडूच्या खडकाची उभी कड कोरून सोळा फूट व्यासाचा अंतर्गोल आरसा तयार केला आणि त्याच्यासमोर कान लावून प्रयोग सुरू केले. पुढे खडूत कोरलेले आणि काँक्रीटमध्ये ओतलेले असे आरसे पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यांवर उभे राहिले. संडरलँडवर १ एप्रिल १९१६ रोजी झालेल्या झेपेलिनच्या हल्ल्यात २२ माणसे मेली. त्याच शहराच्या उत्तरेला फुलवेलच्या टेकडीवरचा आरसा या हल्ल्यानंतरचा आहे. २५ मे १९१७ च्या संध्याकाळी फोकस्टनच्या टॉन्टीन स्ट्रीटवर खरेदीची गर्दी असताना जर्मनांच्या गोथा बॉम्बफेकी विमानांनी टाकलेल्या बॉम्बमुळे साठाच्या वर माणसे जागच्या जागी गेली. फोकस्टनच्या दोन्ही अंगांना, हाईदला आणि डोव्हरच्या वाटेवर, आज जे आरसे दिसतात ते पाहताना ही तारीख मनात असू द्यावी. हे सारे हल्ले पहिल्या महायुद्धाच्या काळातले; हाईदचे आणि डोव्हरच्या वाटेवरचे आरसे मात्र ते युद्ध संपल्यावर बांधले गेले. छायाचित्रांत सर्वाधिक झळकणारे डेंजचे तीन भव्य आरसेही कोणत्याच युद्धात बांधलेले नाहीत. ते १९२८ ते १९३० या शांततेच्या वर्षांतले आहेत, आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांची सद्दी संपलेली होती. त्यामुळे ‘दुसऱ्या महायुद्धातील रडार’ या तीन शब्दांत काळही चुकतो आणि यंत्रही.

यंत्र कसे चालत असे, हे आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत शिकलेले आहे, फक्त प्रकाशाच्या संदर्भात. अंतर्गोल आरशावर दुरून आलेले किरण परावर्तित होऊन नाभीपाशी एकवटतात. इथे प्रकाशाऐवजी ध्वनी आहे आणि काचेऐवजी गुळगुळीत केलेले काँक्रीट. नाभीच्या जागी एक कर्णा बसवलेला असे, त्यातून रबरी नळ्या निघत आणि त्या ऐकणाऱ्याच्या कानातील स्टेथोस्कोपला जोडलेल्या असत. मात्र यात एक खुबी आहे आणि ती लक्षात घेतल्याशिवाय आरशाचा आकार कळत नाही. हजारो मण वजनाचा आरसा शत्रूच्या मागे फिरवता येत नाही. म्हणून त्याला पॅराबोलाचा आकार न देता गोलाच्या तुकड्याचा आकार दिला. पॅराबोला एकाच दिशेने आलेला आवाज अत्यंत नेमका एकवटतो, पण दिशा जरा बदलली की विस्कटतो. गोलीय आरसा थोडा ढोबळ असतो, मात्र आवाज कडेने आला तरी तो कुठेतरी एकवटतोच, फक्त ती जागा सरकते. मग आरसा जागच्या जागी ठेवून कर्णा हलवायचा, आवाज सर्वांत मोठा कुठे येतो ते शोधायचे आणि कर्ण्याच्या जागेवरून विमानाची दिशा आणि चढण वाचायची. एका माणसाचा कान, एक नळी आणि अंशांच्या खुणा केलेली पट्टी, एवढ्यावर हा सारा डोलारा उभा होता.

आरसे मोठमोठे का होत गेले, याचे उत्तरही याच शालेय पाठात आहे. शंभर हर्ट्झ वारंवारतेच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर भरते, आणि तरंगलांबीच्या कित्येक पट रुंद आरसा असल्याखेरीज तो आवाज नीट एकवटत नाही. पंधरा फुटी, म्हणजे साडेचार मीटरच्या, आरशाला उंच पट्टीचा आवाज पेलतो, परंतु उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो. दहा-वीस मैल ओलांडून जे पोहोचते ती असते इंजिनाची खर्जातली घरघर. म्हणजे शत्रू जितका दूर, तितका त्याचा आवाज खर्जातला आणि तितका आरसा मोठा हवा. ही अडचण ज्यांनी सर्वांत खोलवर ओळखली ते डॉ. विल्यम सॅन्सम टकर. महायुद्धात शत्रूच्या तोफांची जागा शोधण्यासाठी त्यांनी तापलेल्या तारेचा मायक्रोफोन तयार केला होता: एका पोकळ भांड्याच्या तोंडाशी प्लॅटिनमची तापलेली बारीक तार, खर्जातला आवाज आला की हवेच्या हालचालीने ती तार थंड होणार, तिचा विद्युतरोध बदलणार आणि तो बदल मोजला जाणार. माणसाच्या कानाला जिथे धड ऐकू येत नाही तिथे ही तार ऐकत असे. हाईद आणि डेंज येथील पुढचे सारे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. डेंजला आधी वीस फुटी, मग तीस फुटी आणि शेवटी दोनशे फूट लांबीची, सव्वीस फूट उंचीची वक्र भिंत उभी राहिली. या भिंतीपुढे काँक्रीटचे उतरते अंगण आहे. भिंतीवरून परतलेला आवाज त्या अंगणाच्या कडेवर एकवटत असे आणि तिथे मायक्रोफोन मांडलेले असत. अनुकूल हवेत या भिंतीला वीस मैलांवरचे विमान ऐकू येत असे. अशीच एक दोनशे फुटी भिंत १९३५ मध्ये माल्टात माग्ताब येथे सिसिलीच्या दिशेने तोंड करून बांधली गेली, आणि ती अजून उभी आहे.

वीस मैल हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण जरा हिशेब मांडून पाहा. वीस मैल कापायला ध्वनीलाच दीड मिनिटाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे ऐकणाऱ्याने ‘इथे’ म्हणून सांगितलेली जागा विमानाने केव्हाच सोडलेली असते. ताशी साठ मैलांनी येणारे झेपेलिन पंधरा मैलांवर ऐकू आले, तर पंधरा मिनिटे हाती राहत. ताशी अडीचशे मैलांचे बॉम्बफेकी विमान वीस मैलांवर ऐकू आले, तर जेमतेम पाच. आणि तेवढ्या वेळात लढाऊ विमानाला जमिनीवरून त्याच्या उंचीपर्यंत चढताही येत नाही. त्यात वारा, लाटा, जहाजांची इंजिने आणि मोटारी यांचा कालवा वेगळाच. हवाई दलाचे वरिष्ठ अधिकारी प्रात्यक्षिक पाहायला आले असताना दूधवाल्याच्या घोडागाडीच्या खडखडाटाने सगळ्यावर पाणी फिरवले, अशी एक गोष्ट या आरशांविषयी सांगितली जाते; ती तपशिलात खरी असो वा नसो, अडचण मात्र अचूक सांगते. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाचा उपयोग करून आठ मैलांवरच्या हेफर्ड विमानावरून परतलेल्या रेडिओ लहरी टिपल्या; रडारची ती सुरुवात होती, आणि टेम्सच्या मुखापाशी आरशांची साखळी उभारण्याची योजना बारगळली.

इथे आपल्यापैकी बरेच जण ‘फसलेला प्रयोग’ असा शेरा मारून मोकळे होतात. मला तो घाईचा वाटतो. आरशांपाशी बसलेल्या माणसांनी ऐकलेले दूरध्वनीवरून मध्यवर्ती खोलीत कळवायचे, तिथे नकाशावर खुणा करायच्या, दोन-तीन ठिकाणच्या दिशा जुळवून विमानाचा मार्ग ठरवायचा, ही सवय या वर्षांत अंगवळणी पडली. माहिती देणारे साधन बदलले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस रडार आले, तेव्हा माहिती घेऊन काय करायचे याचा सराव आधीच झालेला होता. साधन टाकाऊ ठरले तरी शिस्त कामी आली, असे फार तर म्हणता येईल. आणि समजा नुसता फसलेला प्रयोग असता, तरी तो पाहायला जाण्यासारखा नसता का? यशस्वी यंत्रे सुटी करून वितळवली जातात. ही मात्र इतकी जड होती की ज्या जागी निकामी झाली त्याच जागी राहिली.

आता प्रत्यक्ष जाण्याविषयी. आपले गट जवळजवळ नेहमी डेंजपासून सुरुवात करतात, कारण चित्रात ते सर्वांत देखणे दिसते. माझा सल्ला उलटा आहे: आधी एखादा लहान, एकटा आरसा पाहावा. ईस्ट यॉर्कशरमधील किल्नसीचा आरसा शेतात उभा आहे, समुद्राकडे तोंड करून, उभी करून ठेवलेली दगडी परात दिसावी तसा. आणि त्याच्यापुढे, नेमक्या ज्या जागी कर्णा असे तिथे, तो पेलणारा लोखंडी नळ अजून शिल्लक आहे. बाकीच्या बहुतेक ठिकाणी हा नळ नाहीसा झाला आहे, आणि तो नसला की आरसा म्हणजे नुसते शिल्प वाटू लागते. किल्नसीला मात्र नळाकडे पाहून नाभी कुठे होती हे दाखवावे लागत नाही. वाटेवर उभे राहून डोळ्यांनी आरशाच्या मध्यापासून नळापर्यंत आणि नळापासून क्षितिजापर्यंत एक रेघ ओढावी. झेपेलिन ज्या बाजूने येणार अशी भीती होती ती बाजू समोर येते. हा होल्डरनेसचा किनारा युरोपात सर्वांत वेगाने खचणाऱ्या किनाऱ्यांपैकी आहे, तिथल्याच जुन्या तोफखान्याचे काँक्रीटचे तुकडे वाळूत लोळताना दिसतात. तेव्हा आज आरशापुढे दिसणारे शेत आपल्या नातवंडांनाही दिसेल असे धरून चालू नये. उत्तरेकडे गेलात तर रेडकारचा आरसा पाहा, तो आता घरांच्या वसाहतीत येऊन उभा आहे आणि त्याच्यासमोर समुद्राऐवजी लोकांची छपरे आहेत. बोल्बीचा आरसा कड्याजवळच्या शेतात आहे. फुलवेलचा डागडुजी करून नीट ठेवलेला आहे, आणि लहान मुलांना घेऊन जायला मला तोच सर्वांत सोयीचा वाटतो.

केंटमध्ये फोकस्टन ते डोव्हर हा कड्यावरचा रस्ता चालणार असाल तर अ‍ॅबट्स क्लिफचा वीस फुटी आरसा वाटेतच लागतो आणि त्याला कुंपण नाही. इथे घाई करू नका. एकाने एका वेळी आरशासमोर उभे राहावे, बाकीच्यांनी बाजूला होऊन गप्प बसावे, आणि उभ्या असलेल्याने डोळे मिटून हळूहळू पुढे-मागे सरकावे. कर्णा पूर्वी उंचावर असे, त्यामुळे जमिनीवरून आपले डोके नाभीच्या नेमक्या ठिकाणी पोहोचत नाही. तरीही एक जागा अशी येते की कड्याखालच्या समुद्राची गाज पाठीमागून न येता समोरच्या काँक्रीटमधून येऊ लागते. वीतभर बाजूला सरकलात की ती निघून जाते. परत सरकलात की परत येते. शेजारच्या महामार्गावरच्या मालमोटारींचा आवाजही त्यात मिसळतो आणि मग त्या दूधवाल्याची गोष्ट खोटी वाटत नाही. ऐकणाऱ्या शिपायाचे काम काय होते हे त्या वीतभर जागेत जेवढे कळते तेवढे कुठल्याही फलकावरून कळत नाही. म्हणूनच, एक विनंती: गाणी वाजवणारे ते लहान स्पीकर या वाटेवर तरी पिशवीतच राहू द्या. ऐकण्यासाठी बांधलेल्या जागी जाऊन आपलाच आवाज वाढवून यायचे, तर मग घरी बसलेले काय वाईट?

याच किनाऱ्यावर डोव्हरच्या पुढे फॅन बे येथे खडूत कोरलेले दोन आरसे आहेत. १९७० च्या दशकात ते विद्रूप अवशेष समजून मातीखाली गाडले गेले, आणि वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ही जमीन घेतल्यावर २०१४ मध्ये स्वयंसेवकांनी खणून पुन्हा उजेडात आणले. जवळच १९४०-४१ च्या हिवाळ्यात सैन्याच्या भुयारी तुकडीने खोदलेला खोल निवारा आहे. १२५ पायऱ्या उतरून सुमारे २३ मीटर खाली जावे लागते, आणि आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरूनच आरसे पाहावेत. निवारा आणि आरसे शेजारी असले तरी त्यांच्यामध्ये बऱ्याच वर्षांचे अंतर आहे, हेही सोबतच्यांना सांगा. चुकीच्या ओळी इथूनच जन्माला येतात.

डेंजविषयी मात्र स्पष्टच लिहितो. ग्रेटस्टोन आणि लेड या वस्त्यांमागे खडी काढण्याच्या खाणी होत्या; खणत खणत त्या आरशांच्या पायाशी आल्या आणि तिन्ही आरसे कलंडण्याच्या बेतात आले. २००३ च्या सुमारास इंग्लिश हेरिटेजने खडी उत्खननावरच्या करातून उभ्या राहिलेल्या निधीचा आधार घेऊन सुमारे पाच लाख पौंडांचे काम हाती घेतले. पाया सावरला आणि आरशांभोवतीचे पाणी ठेवून त्यांना बेटावर ठेवले. पलीकडे नेणारा पूल फिरता आहे आणि वर्षातल्या मोजक्या खुल्या दिवशीच तो लोकांसाठी लावला जातो. हा अडथळा गैरसोयीने राहून गेलेला नाही; रंगफवारणी आणि मोडतोड थांबवण्यासाठी तो मुद्दाम केला आहे. परिसर पक्ष्यांच्या राखीव क्षेत्रात येतो, काठावर ते घरटी करतात, आणि खाणीत साचलेल्या पाण्याचा तळ एकाएकी खोल जातो. तेव्हा ‘गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येते का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे, की येत असेल तरी जाऊ नये. हे संरक्षित स्मारक आहे, आणि १९७९ च्या कायद्याने त्याचे नुकसान करणे हा फौजदारी गुन्हा आहे, हे व्हिसावर राहणाऱ्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

शिवाय काठावरून काही बुडत नाही. लेडच्या बाजूने पाण्यापलीकडे तिन्ही आरसे एका रांगेत दिसतात आणि त्यांचे वाढत गेलेले आकार एका नजरेत तुलना करून पाहता येतात; बेटावर भिंतीच्या पोटाशी उभे राहिल्यावर ही तुलनाच हरवते. दुर्बीण न्यावी. वीस फुटी आरशाचा उथळ खळगा, तीस फुटीचा खोल वाडगा आणि मग ती लांबच लांब भिंत, या क्रमाने पाहावे, आणि खर्जाच्या मागे धावणारे टकर डोळ्यांसमोर आणावेत. गोट्यांच्या किनाऱ्यावर चालताना मळलेली वाट सोडू नये. त्या गोट्यांवर रुजणाऱ्या वनस्पती वर्षानुवर्षांनी तग धरतात आणि एका दिवसाच्या वर्दळीने जातात. डंजनेसची छोटी आगगाडी रॉम्नी सँड्सला थांबते, तिथून चालत येणे सोयीचे पडते. त्याच दिवशी लिटलस्टोनच्या समुद्रात ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा काँक्रीटचा अजस्र पेटारा पाहून घ्या. नॉर्मंडीच्या चढाईसाठी तयार केलेल्या तरत्या मलबेरी बंदराचा तो भाग आहे, इथेच रुतला आणि राहून गेला. हा मात्र खरोखर दुसऱ्या महायुद्धातला.

चढण्याविषयी आणि रंगाविषयी थोडे. या आरशांचे काँक्रीट शंभरीच्या आसपास आहे आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभे आहे. जिथे आत लोखंडी सळया आहेत तिथे त्या गंजून फुगतात आणि वरचा पापुद्रा फोडतात. कडा सगळ्यांत आधी सुटतात. नेमक्या त्याच कडांवर बसून छायाचित्र काढण्याची हौस असते. रंग लावणाऱ्यांना वाटते की काँक्रीटच तर आहे. पण आरशाचा सारा गुण त्याच्या पृष्ठभागाच्या वळणात आहे, आणि रंग काढण्यासाठी तो पृष्ठभाग घासला गेला की ते वळण कायमचे झिजते. गडावरच्या बुरुजावर बदाम आणि नावे कोरणाऱ्यांना आपण एका सुरात शिव्या घालतो. इथे येऊन आपले निकष सैल का व्हावेत, हे मला कळत नाही. होळीचे रंग उधळून आरशासमोर काढलेली काही छायाचित्रे मी पाहिली आहेत. ती सुंदर होती, हे मान्य करूनच हे लिहितो आहे.

शेपी बेटावरील वॉर्डन पॉइंटला जाण्याचा बेत कुणी करत असेल तर तो काळजीपूर्वक करावा. तिथला आरसा कडा खचून खाली किनाऱ्यावर जाऊन पडला आहे. ती माती अजून घसरते आहे आणि पायथ्याशी चिखल फसवा असतो. हाईदच्या आरशांकडे सार्वजनिक वाटेवरूनच पाहावे, आजूबाजूला लष्कराच्या सरावाची जमीन आहे. सेल्सीच्या आरशात तर एका कुटुंबाचे घर झाले आहे, तेव्हा तिथे कॅमेरा रोखून उभे राहणे म्हणजे कुणाच्या तरी खिडकीत डोकावणे होय.

एकदा डोळा तयार झाला की आरशांखेरीज इतर काँक्रीटही दिसू लागते. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य उतरण्याच्या धास्तीने ब्रिटनभर सुमारे २८ हजार पिलबॉक्स, म्हणजे बंदुकीसाठी फटी ठेवलेली काँक्रीटची छोटी ठाणी, आणि तत्सम पक्की बांधकामे बांधली गेली, त्यांतली साडेसहा हजारांच्या आसपास शिल्लक आहेत. षटकोनी, काटेरी झुडपांनी वेढलेली, मेंढ्यांनी आसऱ्यासाठी वापरलेली ही ठाणी नदीकाठी, पुलांपाशी, गव्हाच्या शेताच्या मधोमध सापडतात. इथेही तोच प्रश्न विचारावा: बंदुकीची फट कोणत्या दिशेला आहे आणि तिथून काय दिसते? बहुतेकदा फटीसमोर एखादा पूल किंवा रस्त्याचे वळण येते आणि ठाणे तिथेच का, हे उलगडते. मात्र इंग्लंडमध्ये शेतातून वाटेल तिथून जाण्याचा हक्क नाही. सार्वजनिक पायवाट जिथे जाते तिथेच जावे, फाटक ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत सोडावे, आणि ठाणे वाटेपासून दूर असेल तर शेतकऱ्याला विचारावे. विचारल्यावर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, उलट स्वतः येऊन दाखवतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटची सूचना आपल्या गटांच्या छायाचित्रांविषयीच आहे. १९९५ ते २००२ या काळात ब्रिटनमध्ये अशा अवशेषांची देशव्यापी नोंद झाली, तिच्यात सुमारे वीस हजार ठिकाणे टिपली गेली आणि ते काम मुख्यतः हौशी स्वयंसेवकांनी केले. त्यानंतरची वर्षे झाडोरा, खचणारे कडे आणि नवी बांधकामे यांनी पुष्कळ काही बदलले आहे. प्रत्येक परगण्याकडे ऐतिहासिक वास्तूंची नोंदवही असते आणि तिला सामान्य माणसाने कळवलेली माहिती चालते. आपल्या सहलीत एखादे ठाणे पडलेले दिसले, एखाद्या आरशाला नवी भेग दिसली, तर माणसे बाजूला करून चारही बाजूंनी एकेक छायाचित्र घ्यावे, मापासाठी शेजारी काठी ठेवावी, तारीख आणि नकाशावरची जागा लिहून ते संबंधित परगण्याला पाठवून द्यावे. आपल्यापैकी अर्धी मंडळी दिवसभर नोंदी आणि आकडे सांभाळण्याचेच काम करतात, तेव्हा हे जड जाऊ नये. पुढच्या सहलीची आखणी करताना या कामासाठी गटातला एक जण आधीच नेमून ठेवावा, अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सहप्रवासी